पैसा म्हणावं का चांदी?

आमच्या शेजारचे काका पूर्णा स्टेशनात रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. कुठलाही कागद ते ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात. त्यांच्या आईच्या नाण्यांच्या माळेतला निजामाच्या काळचा एक रुपया हरवला, म्हणून त्यांनी तसाच चांदीचा रुपया ऑनलाइन मागवला. बिलावर जीएसटी दिसला आणि ते भडकले. मला सोबत घेऊन थेट परभणीला, कर कार्यालयात गेले.

"सायेब, माझ्या आज्याला ह्याच रुपयात पगार भेटायचा. पैशावर कर कसा काय लावायलेत तुमी?"

"काका, आता ते चलन नाही. चांदीची वस्तू आहे," साहेब हसत म्हणाले.

"मग चांदीच्या भावात का न्हाई देला? इकताना जुना पैसा, आन् कर लावताना चांदी?"

"ते दुकानदाराला विचारा."

"त्यो म्हन्ला, सरकारला इचारा!"

साहेबांनी मागच्या माणसाला पुढं बोलावलं. मलाही संताप आला. काकांनी तिथंच कोऱ्या कागदावर आपला प्रश्न लिहिला आणि तो आवक टेबलावर ठेवला.

"शिक्का मारा," ते म्हणाले. "उत्तर नका देऊ. पण कुनी इचारलंच न्हाई, असं म्हनू नका."