रिकामा रकाना

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणायचे. तिचं काम ऐकायला रुक्ष होतं. रुग्णाची माहिती त्यांच्या ऑफिसच्या प्रोग्राममध्ये जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतलं ऑब्जेक्ट म्हणून असायची. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरला मात्र ती एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यातल्या मजकुरातच लागायची. ते रूपांतर करणारा कोड तिने स्वतः लिहिला होता. ऍलर्जीचा रकाना कोणी भरला नसेल, तर तिचा कोड तिथे ‘विचारलेलं नाही’ असं घालायचा.

नवे साहेब आले आणि त्यांनी हेच काम करणारी, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची तयार लायब्ररी आणली. तिने लिहिलेली पानंच्या पानं गेली, चार ओळींत काम भागलं. फक्त रिकामा रकाना ही लायब्ररी मजकुरातून गाळूनच टाकायची, आणि जे आलंच नाही ते वॉर्डातल्या पडद्यावर ‘ऍलर्जी नाही’ असं दिसायचं. तिने मीटिंगमध्ये हे मांडलं. साहेब म्हणाले, शंकासुराचं समाधान करत बसलो तर सॉफ्टवेअर पुढच्या जन्मी निघेल. सगळे हसले. तीही हसली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तिची थोरली जाऊ हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका हॉस्पिटलात नर्स होती. दोघींचं चांगलं जमायचं. सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल जाऊ अशी करायची की हसून पोट दुखावं.

एकदा जावेच्या वॉर्डात बेशुद्ध पेशंट आला. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, जावेने पडदा वाचून दिलं. त्याला त्याच औषधाची ऍलर्जी होती; संध्याकाळी पेशंट गेला. चौकशीत ती एकच सांगत राहिली, की पडद्यावर ‘ऍलर्जी नाही’ असं होतं. मूळ नोंद उघडली, तर रकाना कोरा. ती खोटं बोलते असं ठरलं.

शंकासुर स्वतः चौकशीला गेली, सगळं सांगितलं. तिथे बोलावलेले तिचे साहेब शांतपणे म्हणाले, ही लायब्ररी जगभर वापरतात, आणि घरातलं माणूस घरातल्याची बाजू घेणारच. जावेची नोकरी गेली. हिची राहिली. जुना कोड गुपचूप परत बसवायचं काम हिच्याच गळ्यात पडलं.

घरी जाऊ भाजी निवडत बसली होती.

“ताई, मी त्यांना आधीच सांगितलं होतं.”

“त्यांना सांगितलंस,” जाऊ मान वर न करता म्हणाली. “मला का नाही? रोज शेजारी बसून जेवत होतो आपण.”

थोड्याच दिवसांत थोरल्यांनी चूल वेगळी केली. आता भिंतीपलीकडे भांडी वाजली की तिचा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.