सहाच नजराणे

माझ्या जुन्या लेखांचं मराठी पुस्तक एक माजी विद्यार्थिनी छापायला काढते आहे. तिनं प्रस्तावना मागितली आणि मी अडलो. ज्या लेखामुळे मला थोडंफार नाव मिळालं, त्यातला शोध माझा नव्हता.

नागपूरच्या एका कॉलेजात मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातले नाटककार आपल्या गोष्टी कुठून उचलत, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्या मंडळींना उसनवारीची लाज नव्हती. जुनी बखर, इटालियन कथा, कुणाचं तरी भाषांतर, हाती लागेल ते घेत आणि रंगभूमीवर उभं करत. मी संध्याकाळी घरी आलो की भाजी निवडता निवडता बायको विचारायची, "आज कोणाची चोरी पकडली?"

प्रबंध टाइप करायला मी बर्डीच्या बाजारातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये देत असे. तिथल्या बाई मूळच्या नागपूरजवळच्या खाप्याच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मॅट्रिक झालेल्या. त्यांचा एकच नियम होता. "मूळ मजकुराले हात लावायचा नाही सर, मंग ते चूक का असेना." प्राध्यापक असो की कोर्टातला कारकून, सगळ्यांना त्या हेच ऐकवत.

एका दुपारी मी त्यांच्यावर चिडलो. नाटकातला उतारा होता. परक्या राजाचा दूत दरबारात येतो, सात नजराणे आणलेत असं सांगतो आणि एकेकाचं नाव घेतो: घोडा, तलवार, अंगठी, शाल, आरसा, ससाणा. सहाच. खाली तीन कार्बन प्रती होत्या, म्हणजे प्रत्येकीवर खाडाखोड आली.

"एक गाळलात तुम्ही. लक्ष कुठे असतं?"

बाईंनी माझ्याच हस्ताक्षरातला कागद पुढे सरकवला. "मोजा. सहाच हायेत. अन् मागच्या महिन्यात तुमी ते लांबलचक गोष्ट देली होती न, तिच्यातबी सात म्हणते अन् सहाच देते. मले तवाच वाटलं, सरले मोजता येत नाही."

शेजारच्या मशीनवरची मुलगी फिसकन हसली.

मी सायकल काढली आणि थेट लायब्ररी गाठली. माझीच नक्कल चुकली असेल, असं वाटत होतं. छापील नाटकात सहाच निघाले. ती लांबलचक इटालियन कथा काढली, तिच्यातही सहा, आणि त्याच क्रमानं. हाच प्रसंग असलेल्या जुन्या बखरीत मात्र पुरते सात होते. सातवी अत्तराची कुपी. नाटककारानं हा प्रसंग बखरीतून घेतला असं तोवर सगळे धरून चालले होते. पण बखर समोर असती तर कुपी त्याच्या हातून कशी सुटली असती? बरोबर गोष्ट दोघांना आपापली सुचू शकते. एकच चूक दोघांकडे एकाच जागी दिसली, तर एकानं दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. म्हणजे नाटककारानं प्रसंग त्या कथेतून उचलला होता; माझ्या सगळ्या प्रबंधाला जे हवं होतं ते त्या दुपारी मिळालं.

प्रबंधात मी लिहिलं, बारकाईनं वाचताना हे माझ्या लक्षात आलं. आभारांत मार्गदर्शक आले, ग्रंथपाल आले, आई-वडील आले. बाईंचे आभार सुबक टंकलेखनाबद्दल मानले. आणि ही दोन्ही पानं त्यांनाच टाइप करायला दिली. त्यांनी ती केली, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

टायपिस्टनं शोधलं म्हटलं तर मार्गदर्शक हसतील, ही तेव्हाची भीती. पुढे प्रबंधातला तो भाग लेख म्हणून छापला, त्याचं कौतुक होत गेलं, तसं तोंड उघडणं आणखी अवघड झालं. बायकोलाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात प्रस्तावनेचा कागद खिशात घातला, संत्र्याची बर्फी घेतली आणि खाप्याची बस धरली. "टायपिंगवाल्या बाई" म्हटल्यावर पहिल्याच दुकानदारानं घर दाखवलं. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"किती वाळले सर तुमी! बसा." आत पाहून सुनेला हाक मारली, "चहा ठेव वं, नागपूरचे सर आले." बर्फीचा डबा बघून म्हणाल्या, "मले शुगर हाय. नातवंडं खातीन."

मी नजराण्यांचा विषय काढला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य धड आलं नाही. त्या शेंगा सोलतच राहिल्या.

"तुमी 'माझ्या लक्षात आलं' लिहिलं, त्या पानावर आली तवा बोटं थांबले होते माह्ये," त्या म्हणाल्या. "वाटलं, आपलं नाव घालू का तिथं? मंग म्हटलं, नाही. मूळ मजकुराले हात लावायचा नाही."

"तेव्हाच मला बोलून दाखवायचं ना."

"कवा बोलू? तुमी मान खाली घालून पानं मोजून राहिले होते."

मी कागद दिला. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून त्यांनी तो वाचला. आपलं पूर्ण नाव दिसलं तिथे बोट जरा रेंगाळलं. मग पुढच्या शब्दावर अडलं.

"हे 'मोलाची मदत केली' काहून लिहिलं?"

"म्हणजे, तुम्ही दाखवलं म्हणूनच तर मला..."

"मदत म्हणजे तुमचे कागद लावून देले ते. हे तर मीनं सांगतलं, अन् तुमी मलेच रागावले होते. पेन द्या."

मी पेन दिलं. जन्मभर कुणाच्या मजकुराला हात न लावणाऱ्या बाईंनी माझे तीन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'हे शोधलं'.

"रागावले तेबी लिहा."

चहा येईपर्यंत मी तिथेच बसून तेही लिहिलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मान हलवली आणि सुपातल्या मूठभर शेंगा माझ्यासमोर ठेवल्या.

कागद तसाच विद्यार्थिनीकडे गेला आहे. परवा तिचा फोन आला. "सर, मध्ये कुणीतरी खोडलंय. आणि तुम्ही त्यांच्यावर रागावलात, ते छापायलाच हवं का?"

हवं, म्हटलं. खोडलं आहे तेही बरोबर आहे.