वर्सोव्याची कॉट

तुळशीदास पेडणेकरच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नाही. पहिल्या रांगेतल्या रत्नप्रभावहिनी, म्हणजे तुळशीदासची बायको, माझ्याकडे वळल्या आणि हळूच विचारलं, "हे कुणाबद्दल बोलतायत?"

प्रश्न रास्त होता. तुळशीदास खोटं बोलायचा, आणि फार चांगलं बोलायचा. त्याच्या समाजकार्याचा अर्धा भार त्यावरच उभा होता.

अंधेरी पश्चिमेला आमच्या सोसायटीत त्याचं शेजार मंडळ होतं. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या, एवढंच मंडळाचं काम. कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या आणि हँडल फिरवलं की डोक्याकडून वर उचलल्या जाणाऱ्या लोखंडी कॉट. मंडळाला जागा नव्हती. अध्यक्षाला मात्र दोन खोल्या आणि एक गॅलरी होती, त्यामुळे मंडळ तिथे राहायचं आणि उरलेल्या जागेत पेडणेकर कुटुंब. पाहुण्यांना चाकाची खुर्ची पुढे केली जायची. पाहुणे फार वेळ बसायचे नाहीत.

संसारावर त्याचा विलक्षण जीव. मरोळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून आला की नलिनीच्या, म्हणजे लेकीच्या, वेण्यासुद्धा तोच घालायचा. वहिनींपेक्षा सरळ यायच्या. रविवारी दोघींना घेऊन जुहूला निघायचा. वाटेत फक्त एका घरी एक वस्तू टाकायची असे. वहिनी नव्या साडीत, मांडीवर कमोडची खुर्ची घेऊन रिक्षात बसलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. जुहू बहुतेक वेळा त्या आजाऱ्याच्या घरी चहा पिण्यातच संपायचं.

आता त्याच्या खोट्याविषयी. कॉट परत येते ती माणूस गेल्यावर. घरच्यांना ती डोळ्यांपुढे नको असते. जो बरा होतो त्याच्या घरून ती कधीच येत नाही. तिच्यावर गाद्या रचल्या जातात, नातवंडं अभ्यासाला बसतात, आणि मागायला जायची तुळशीदासला भीड. त्यामुळे गॅलरीतली प्रत्येक कॉट कुणाला तरी पोचवून आलेली. नवीन न्यायला येणारा पहिल्यांदा हेच विचारी, की हिच्यावर आधी कोण होतं? तुळशीदास सांगे, पार्ल्याचे एक मास्तर होते, दोन महिन्यांत उठले, आता रोज बागेत फिरतात. ऐकणाऱ्याचा चेहरा सैल पडायचा आणि कॉट जायची. आपण मृत्यूचा विचार करत बसतो. तुळशीदास त्याच्यावर पांढरा ऑइलपेंट मारायचा.

हे सगळं वहिनी स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकत होत्या.

त्र्याऐंशी साली वहिनी मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी बजावलं की डोकं वर करता येईल अशाच कॉटवर ठेवा, हळूहळू बसतं करा. जमिनीवर गादी टाकून ठेवलंत तर पुन्हा चालतील याची खात्री नाही. नवी कॉट ऑर्डर देऊन महिन्याने मिळणार होती. पण अध्यक्षाच्याच बायकोला कॉटची काय कमतरता? तुळशीदासने एक निवडून रंगवली आणि दवाखान्यात येऊन तसं सांगितलं.

"कुठली?" वहिनींनी विचारलं.

"ती आपल्या पार्ल्याच्या मास्तरांची."

"त्यांच्या तेराव्याला तुम्ही जेवून आलात. श्रीखंड होतं."

"मग दुसरी आहे ना. जोगेश्वरीच्या त्या बाईंची."

"त्यांना पोचवायला माझी छत्री नेलीत, ती अजून आलेली नाही."

मी हसलो. वहिनीही हसत होत्या, पण हाताने चादर गच्च धरली होती. त्या म्हणाल्या, "मला त्यांच्यातल्या कशावर झोपवू नका. उद्या कुणीतरी विचारील हिच्यावर कोण होतं, आणि तुम्ही सांगाल, अंधेरीच्या एक बाई होत्या, आता बागेत फिरतात."

सबंध उपनगराला धीर देणारी तुळशीदासची जीभ तिथे टाळ्याला चिकटली. बाहेर व्हरांड्यात येऊन तो बाकावर बसला आणि मला म्हणाला, "आठव रे. खरंच कोण बरं झालं होतं?"

आठवणं सोपं नव्हतं, कारण बऱ्या झालेल्यांकडे आम्ही पुन्हा फिरकलोच नव्हतो. शेवटी एक नाव निघालं, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला बळवंत. होडी वर ओढताना कमरेत मोडला होता. उठून पुन्हा समुद्रावर जायला लागला, असं कानावर आलं होतं.

आम्ही गेलो. कॉट अंगणात होती. डोक्याकडची बाजू उन्हाला तोंड करून नीट वर उचललेली आणि सगळ्या कॉटवर बोंबील वाळत घातलेले. त्या हँडलचा इतका चांगला उपयोग आमच्या मंडळात कुणाला सुचला नव्हता.

बळवंतची बायको सोनूबाई आडवीच आली. "खाट नाय मिलनार, दादा. म्हातारा तिच्यावर उठला. ती गेली नि तो परत पडला म्हंजे?"

तुळशीदासकडे यावर सांगण्यासारख्या डझनभर गोष्टी असतील. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बायको घाबरलीय माझी. मीपण."

सोनूबाईने बोंबील टोपलीत भरायला घेतले. ते आधीच बोलायचं, असं काहीतरी ती पुटपुटली. आता दारातून बळवंतची कुरकुर सुरू झाली. ऐन सुकवणीच्या दिवसांत जागा चालली म्हणून त्याने आम्हाला यथेच्छ सुनावलं. तुळशीदासने सगळं ऐकून घेतलं आणि मग हात जोडून म्हणाला की आमच्याबरोबर घरापर्यंत चला, नुसती कॉट नेली तर बायको माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

"सोताची बायको?" बळवंतने विचारलं.

"सोताचीच," तुळशीदास म्हणाला.

हातगाडीवर कॉट आणि कॉटवर बळवंत, अशी आमची वरात निघाली. चालायला त्याला काहीच हरकत नव्हती, पण जागा गेल्याचा राग होता, म्हणून तो बसून आला. सात बंगल्यापाशी एका बाईने त्याला पाहून नमस्कार केला आणि हळहळली. बळवंत तिच्यावरही खेकसला.

वहिनींना त्याच दिवशी घरी आणलं होतं. कॉट येईपर्यंत त्या दाराशी चाकाच्या खुर्चीत उशांना टेकून होत्या. आधी सुकटाचा वास आत आला, मग कॉट, मग बळवंत. तुळशीदासने तोंड उघडलं, तसं वहिनींनी त्याला हातानेच गप्प केलं आणि बळवंतला विचारलं, "यांनी काय काय शिकवून आणलंय तुम्हाला?"

"शिकवनार कोन मला? माजे बोंबील जमिनीवर पडलेत ह्याच्यापायी."

वहिनींनी त्याला खोलीत चालायला लावलं. मग वाकायला. मग खाली बसून उठायला. तो शिव्या पुटपुटत हे सगळं करत गेला, आणि तो जितका चिडत होता तितका त्यांचा चेहरा मोकळा होत होता. इतका खरा राग शिकवून येत नाही. नलिनीने चहा केला. चहा पिऊन बळवंत उठला आणि बरी झालीस की खाट लगेच पाठव, एवढं बजावून निघाला.

आम्ही वहिनींना कॉटवर ठेवलं. कॉट खिडकीला लागून होती. तुळशीदास खाली वाकून हँडल फिरवायला लागला आणि बायकोचं डोकं हळूहळू वर येऊ लागलं.

"पुरे?" त्याने विचारलं.

"अजून थोडं."

त्याने फिरवलं. दुखत असणार, पण त्या मान उंच करून खाली रस्त्याकडे पाहत होत्या. बळवंत फाटकातून बाहेर पडला होता.

"अजून," त्या म्हणाल्या. "वळणापर्यंत दिसू दे मला तो."