बोअरचं काळं पाणी

ती काळी बाटली आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पलूसकडच्या एका गावातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, "सायेब, आमच्या बोअरमधी कुणीतरी विष टाकलंय. पोरगी गेली." बोलणारा मुलीचा बाप होता, सुट्टीवर आलेला फौजी. चार वर्षांची मुलगी जुलाब-उलट्यांनी दवाखान्याच्या वाटेवरच दगावली होती. आकस्मिक मृत्यूची नोंद घेऊन मी गेलो. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी पाणी तपासायला घरोघर बाटल्या दिल्या होत्या. त्यातली एक त्याने माझ्यापुढे धरली. बोअरचं पाणी तिच्यात दिवसभरात काळंभोर झालं होतं.

त्याचा संशय शेजाऱ्यावर होता. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याला मी तीन दिवस रोज ठाण्यात बोलावून बाकावर बसवलं, आवाज चढवून विचारलं. खोटं बोलणारा माणूस बोलत सुटतो. हा एकच सांगत राहिला, "भांडाण बापाशी हाय सायेब, पोरीशी न्हाई." पण हातात पुरावा आला की पोलीस डोकं बाजूला ठेवतो. मीही ठेवलं होतं.

शेवटी आशाताईच ठाण्यात आल्या. म्हणाल्या, "आवं सायेब, बाटली विषानं काळी हुईत न्हाई. पाण्यात मैल्याचे जंतू असले की हुती." मग त्यांच्या हातून दोन्ही घरचं पाणी पुन्हा बाटल्यांत भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बाटली जशीच्या तशी होती, फौजीची पुन्हा काळी. बोअरपासून सात-आठ पावलांवर नव्या संडासाचा खड्डा होता.

"किती खोल आहे?" मी विचारलं.

"ईस फूट. आईला रानात जायला लागू नये म्हून मागल्या सुट्टीत मीच खांदला. लय पक्कं काम केलंय."

खड्डा थेट पाण्याच्या झऱ्याला भिडला होता, त्यातला मैला बोअरमध्ये उतरत होता. घरात दीड वर्षांचा मुलगा होता आणि तो तेच पाणी पीत होता. मी सांगितलं. फौजी खाली बसला. म्हणाला, "म्हाताऱ्याला सांगा, उद्यापासनं ठाण्यात यायला नगं."

म्हाताऱ्याची माफी मागायला मी शेजारी गेलो. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "त्येला एकट्यालाच सोडून आलासा व्हय?" आणि चप्पलही न घालता तो बांध ओलांडून गेला.

त्या बापाला रागवायला एक माणूस होता, तोही मी काढून घेतला. खरं सांगावंच लागतं, आजही सांगेन. पण सांगून झाल्यावर तिथं थांबावं लागतं. मी म्हाताऱ्याच्या दारातूनच जीपमध्ये बसून निघून आलो होतो.