कुंपणाच्या आतला राखणदार

पेणजवळच्या गडब गावामागे, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. तिथल्या पांडूचं निम्मं आयुष्य वीटभट्टीवर चिखल तुडवण्यात गेलं. मग मुंबईच्या एका बिल्डरने वाडीवरचा माळ घेतला आणि पांडूला राखणदार नेमलं. खाकी शर्ट मिळाला, बसायला खुर्ची मिळाली. आता पोरांना घेऊन भट्टीवर जायला नको, म्हणून बायको रोशनी हरखून गेली.

माळाच्या कडेला वाडीची मसणवट होती; पुरलेल्या प्रत्येकाच्या उशाशी खुणेचा एक दगड. कुंपण तिच्यावरून जाणार असं कळलं, तशी पांडूची थोरली बहीण कमळी बायांना घेऊन जेसीबीपुढे आडवी झाली.

"गोऱ्या सायबानं खैराचं रान घेतलं, सावकारानं शेत घेतलं. आता आमची मढी पण उपटता काय रं?"

मशीन माघारी गेलं. पांडू तेव्हा अर्धवट झालेल्या कुंपणाच्या आत उभा होता, मान खाली घालून.

पुढे एकदा चहा पिता पिता बिल्डरच्या कामावरच्या मुकादम नितेशने सहज विचारलं, "ही बाई वाडीतून हलतच नाय काय रे?"

"हलते की. बाजाराला समद्या बाया पेणला जातात, रानभाजी विकायला," पांडू बोलून गेला.

आपण काय केलं, ते चहा संपायच्या आत त्याला उमगलं. तरी बहिणीला सावध करायला तो गेला नाही. नोकरी आड आली.

बाजाराच्या दिवशी मशीन आलं. बाया परतेस्तोवर अर्धी मसणवट सपाट झाली होती. कमळीने डोक्यावरची पाटी फेकली आणि धावत जाऊन मशीनच्या दातेरी सुपात बसली. काही केल्या उठेना. अखेर तहसीलदार आले, काम थांबलं. उरलेली अर्धी मसणवट वाडीकडे राहिली.

पांडूने खाकी शर्ट खुर्चीवर टाकला आणि वाडी गाठली. कुणी त्याला शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं. सकाळी कमळी दारात आली.

"चल, आयचा दगड हुडकू."

"बाय, मी त्यांना..."

"ठाव हाय मना. चल."

दोघं ढिगारा उपसत राहिली. सगळे दगड सारखेच, मातीने माखलेले. शेवटी कमळीने एक उचलला.

"ह्योच."

तिलाही तो ओळखता आला नव्हता, हे पांडूला कळलं. त्याने दगड तिच्या हातून घेतला, पण तिच्याकडे वर बघणं त्याच्याने झालं नाही.