चिंधीत गुंडाळलेल्या बांगड्या

नव्वदीच्या सुरुवातीला मी सांगलीच्या एका दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. धनुर्वाताच्या अंधाऱ्या खोलीत एका बाईचा नवरा होता. माधवनगरला मागावर काम करताना त्याच्या पायात खिळा घुसला होता. जरा आवाज झाला की त्याचं अख्खं अंग झटक्यानं ताठ व्हायचं.

"बांगड्या काढून ठेवा," सिस्टर तिला म्हणाली.

"मालक जित्तं हायती, बाई. कशा काढू?" असं म्हणत तिनं लुगड्याच्या चिंध्या फाडून दोन्ही हातांच्या बांगड्या करकचून गुंडाळल्या.

इंजेक्शन देऊनही झटके का थांबेनात, असं तिनं मला विचारलं. मला तेव्हा सगळं समजावून सांगायची खोड होती. जंतूचं विष म्हणजे एक प्रथिन. ते आपल्या मज्जातंतूत शिरतं आणि स्नायूंना 'थांबा' हा निरोप पोचवणारं आपलं प्रथिन कापून टाकतं. इंजेक्शन बाहेरचं विष धरतं, पण कापलेलं जोडत नाही.

"मंजी आत थांब म्हणणारं कुणीच न्हाई," ती म्हणाली.

एका दुपारी मी खोलीत गेलो, तर चिंध्या खाली पडल्या होत्या. नवऱ्याच्या कानाशी हात नेऊन ती बांगड्या वाजवत होती. तो हलत नव्हता. मला बघूनही ती थांबली नाही.