शेवंतीचा टेम्पो: अकोला, अचलपूर, अमरावती

तुम्ही इथे मेळघाटाचे फोटो बघायला येता, हे मला ठाऊक आहे. या वेळी एकही फोटो नाही. ऐन थंडीचे दिवस होते, समोर डोंगर दिसत होता, चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्या हॉर्न मारत शेजारून जात होत्या आणि मी वर गेलो नाही. तरीही लिहितोय, कारण माझ्यासारखेच तुमच्यातले बरेच जण जुन्या गाड्या घेऊन हिंडतात.

निघायचं कारण भाऊजींचा फोन. शोभाताई ही माझी थोरली बहीण, अचलपूरजवळच्या खेड्यात दिलेली. काळी जमीन, त्यात शेवंती आणि झेंडू. फोन नेहमी ताई करते. भाऊजींना फोनवर बोलायचं म्हणजे शिक्षा वाटते. त्या दिवशी मात्र तेच बोलले.

"दिनूभाऊ, शोभीचं काई खरं नाई. टेम्पोत बसल्या बसल्या झोपते. डोकं धरून रायते. परवा बाजारात उतरता उतरता पडली. तुमी येऊन पाहून जा एकडाव."

अकोल्यात जठारपेठेतून रिक्षाने स्टँड गाठला आणि दर्यापूरमार्गे परतवाड्याची एसटी पकडली. भाडं इथे देत नाही, तुम्ही जाईपर्यंत वाढलेलं असेल. दर्यापूरपर्यंत रस्ता ठीक, पुढे काळ्या मातीने डांबराच्या लाटा केल्यात, मागच्या सीटवर बसाल तर पाठीचं काही खरं नाही. दर्यापूरच्या स्टँडवर आलूबोंडा खावा, चहा मात्र घेऊ नये. अंजनगावच्या पुढे केळीचे मळे सुरू होतात आणि डोळे निवतात. एरवी निवले असते.

ताई अंगणात गजरा करत बसली होती. पाच बोटांत दोरा फिरवून न बघता गाठी मारणारी बाई. माझ्याशी बोलता बोलता तिची गाठ सुटली, परत मारली, परत सुटली. मग ती दोऱ्याकडे बघतच राहिली. "पित्त झालं रे," म्हणाली. "काई नाई, पित्तच हाये." गावात त्यावर सगळे उपाय झाले होते. गोळ्या, काढे, टेम्पोला लिंबू-मिरची, कोणीतरी सांगितलं म्हणून देवाला नारळ. जेवताना तिने मला पिठलं वाढलं आणि आत जाऊन पुन्हा तेच भांडं घेऊन आली, "अजून तुले वाढलंच नाई." भाऊजींनी मान खाली घातली. मी हसण्यावारी नेलं.

सकाळी फुलं तोडून झाल्यावर अमरावतीच्या बाजाराला निघालो. ही मंडळी शेवंती कशी नेतात ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. मागच्या हौद्यात फुलांचे ढीग, त्यावर ओली पोती, वरून ताडपत्री चारी बाजूंनी आवळलेली, गार वाऱ्याने पाकळ्या काळ्या पडू नयेत म्हणून. आणि ताडपत्रीच्या आत, केबिनला लागून पुढच्या कोपऱ्यात एक माणूस, बादली आणि तांब्या घेऊन. वाटभर पोत्यांवर पाणी मारायचं. तो माणूस म्हणजे ताई.

भाऊजींनी टेम्पो सुरू केला, तर सीटखालून टक टक टक. इंजिन तापलं तसा आवाज दबला. छोटे टेम्पो तुम्हाला माहीत असतील, इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखालीच असतं.

"हा आवाज कवापासून हाये?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून. धूर गळते थोडासा. मिस्त्री गॅस्केट बदलून देते, कसून टाइट करते. महिनाभर चालते, मंग पुन्हा तसंच."

मी पुढे बसलो नाही. ताईजवळ ताडपत्रीखाली शिरलो. फुलांचा वास इतका दाट होता की दुसरं काही कळत नव्हतं, फक्त घशात जळकं काहीतरी. ती पाणी मारत होती. मग तांब्या नुसताच हातात राहिला. आसेगाव यायच्या आतच माझी कानशिलं उडू लागली. ताईला हाक मारली. गाल चांगले लाल दिसत होते तिचे, मला वाटलं तब्येत बरी आहे. ती हलली नाही. मी केबिनच्या पत्र्यावर मुठी मारल्या, ताडपत्रीची दोरी तोंडाने सोडली आणि तिला ओढत रस्त्याच्या कडेला उतरवलं. तिला उभं राहता येत नव्हतं.

भाऊजी धावत आले आणि तिच्यावरच ओरडले, "पुन्हा झोपली काय वं!" मग तिचं तोंड पाहून हात आडवे करून रस्त्यात उभे राहिले.

मागून येणाऱ्या एका मोटारवाल्याने काही न विचारता तिला घेतलं. मी तिच्यासोबत बसलो, खिडक्या उघड्या ठेवून अमरावती गाठली; भाऊजी टेम्पो घेऊन मागून आले. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं: हे पित्त नाही. गाडीच्या धुरातल्या ज्या वायूला स्वतःचा वास नसतो, तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो; गालांची लाली त्याचीच. एखाद्या वेळचं असतं तर लवकर सावरली असती. इथे दसऱ्यापासून दिवसाआड तेच चाललंय. "काही परत येईल, काही येणार नाही. कोणतं, ते आज मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी ताई उठून बसली, चहा प्यायली आणि आम्हाला तिच्याजवळून हाकलण्यात आलं. भूक वाईट असते. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी गिलावडा मिळतो, वर दही, तिखट चटणी. लाज वाटली, पण दोन प्लेट खाल्ल्या. भाऊजींनी हात लावला नाही.

मग टेम्पो गॅरेजला नेला. आता जुन्या गाडीवाल्यांनी नीट वाचा. इंजिनातला जळका धूर एकत्र करून पुढे नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड नळ असतो, तो मॅनिफोल्ड. त्याची इंजिनाला टेकणारी सपाट पट्टी म्हणजे फ्लँज, आणि दोघांच्या मध्ये फट बुजवणारं पातळ गॅस्केट. गॅरेजच्या उस्तादांनी इंजिन पार गार होऊ दिलं, नट सोडले, पट्टी कापडाने पुसली आणि तिच्यावर पोलादी फूटपट्टी उभी धरली. फटीतून उजेड आला.

"गॅस्केट बेचारा क्या करेगा," ते म्हणाले. "ये तो केला हो गया है."

फ्लँज वाकली होती. वाकलेल्या पट्टीवर कितीही गॅस्केटं बदला, कितीही आवळा, धूर तिथूनच फुटणार. गळतीच्या जागी काजळीचा काळा पंखा उमटलेला होता, आदल्या सकाळच्या टक टकचा तो मालक. पट्टी लेथवाल्याकडे घासून सपाट करून आणली. नवे बोल्ट, नवं गॅस्केट, आवळताना मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, आणि एकदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा थोडं आवळायचं. या कामाला घाई करू नका आणि 'तात्पुरतं चालेल' म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नका.

"पर झुका कैसे?" उस्ताद स्वतःशीच म्हणाले आणि हौद्याखाली डोकावले. पुढच्या कोपऱ्यात, जिथे ताई बसायची, पत्रा सडून भोकं पडली होती. बरोबर खाली मॅनिफोल्ड. पोत्यांचं गार पाणी वाटभर त्या तापलेल्या बिडावर ठिबकत होतं. त्यानेच फ्लँज वाकली, तिथूनच धूर फुटला आणि त्याच भोकांतून ताडपत्रीखाली शिरत राहिला.

भाऊजी टायरवर बसले. "मीच म्हनत होतो तिले," ते म्हणाले. "पानी मारत जाय, पानी मारत जाय. ती झोपली का फुलं सुकत, मंग मी बोलत होतो तिले. शिव्या देत होतो, दिनूभाऊ." मला त्यांचा राग आला होता, रस्त्याच्या कडेला ते तिच्यावर ओरडले तेव्हापासून. तो तिथे बाहेर काढता आला नाही. मी पण टायरवर बसलो.

हौद्याला नवा पत्रा ठोकला, फुलांसोबत कोणी बसणार नाही असं भाऊजींनी उस्तादांसमोर कबूल केलं. दवाखान्यातून सोडल्यावर ताईला पुढच्या सीटवर बसवून ते अचलपूरला गेले. टेम्पो आवाज न करता निघाला. मी बडनेरा, मूर्तिजापूर करत महामार्गाने अकोल्याला परत. तो रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की बसमध्ये झोप लागते. मला लागली नाही.

काल सकाळी ताईचा फोन आला. आवाज एकदम पहिल्यासारखा, खणखणीत. मी आनंदाने उठून उभाच राहिलो.

"काहून रे दिनू, बहिणीले विसरला काय? शेवंती संपत आली, पुरी थंडी गेली, तू आलाच नाई यंदा."

मी म्हणणार होतो, अगं, मी आल्तो ना. तेवढ्यात भाऊजींनी फोन घेतला, बाजूला गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आल्ते म्हनून सांगू नका तिले. मी सांगतलं होतं. दिवसभर रडली, आठवत नाई म्हनून."

फोन पुन्हा ताईकडे गेला. "मंग? कवा येतं?"

"रविवारी येतो ताई," मी म्हणालो. "लय दिवस झाले, नाई?"